मस्कतहून बांधलेल्या नागपूरच्या घराचं किचन: एक उन्हाळा वापरल्यानंतर

परदेशात राहून गावी घर बांधणाऱ्यांचा सगळा जीव एलिव्हेशनमध्ये, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूत, आणि हॉलच्या सीलिंगमध्ये अडकलेला असतो. किचन शेवटी मॉड्युलरवाल्यावर सोडलं जातं. दिवाळीत आम्ही नागपूरला लागून असलेल्या बेसाच्या घरी राहायला आलो, अख्खा नागपुरी उन्हाळा या किचनमध्ये काढला, आता पावसाळा चालू आहे. तेवढ्या वापरावरून ठामपणे सांगते: नकाशा मंजुरीला जाण्याआधी किचन ठरवा. खिडकी कुठे, चिमणीचं भोक कुठे, भांडी घासायची जागा कुठे, सिलिंडर कुठे, हे सगळं भिंतींवर अवलंबून असतं आणि भिंती नकाशात पक्क्या होतात.

मस्कतमध्ये बसून हे करायचं म्हणजे आधी मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने कामं करण्याचा लेखी अधिकार. आम्ही ते भाऊजींच्या, म्हणजे माझ्या दिरांच्या नावे केलं. भारतीय दूतावासात साक्षांकन झालं. असा कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, ती तारीख डायरीत लिहून ठेवा. अधिकार मोजकेच द्या: बांधकाम परवानगी, वीज-पाण्याचं कनेक्शन, भोगवटा प्रमाणपत्र (पूर्ण झालेल्या घरात राहायची परवानगी). विक्रीचा अधिकार नको. यात अविश्वासाचा प्रश्न नाही, भाऊजींनी स्वतःच तसं सुचवलं. आपला प्लॉट महापालिकेकडे येतो, नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) की एनएमआरडीएकडे (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), हे मात्र आर्किटेक्ट नेमण्याआधी बघून घ्या. नागपुरात दोन गल्ल्या सोडून कार्यालय बदलतं.

परवानगीचा आणि किचनचा थेट संबंध येतो तो वॉश एरियात. "नंतर मागच्या मोकळ्या जागेत शेड टाकून घेऊ," असं साइटवर सगळेच म्हणतात. ती मोकळी जागा म्हणजे सामासिक अंतर, घराभोवती नियमाने रिकामी सोडायची जागा. तिथे मागाहून टाकलेली शेड मंजूर नकाशात नसते, आणि भोगवट्याच्या वेळी तीच आडवी येते. आम्ही वॉश एरिया घराच्या आतच, किचनला लागून धरला. किचन त्यामुळे लहान झालं, पण राष्ट्रीय इमारत संहितेत (2016) किमान 5 चौरस मीटर क्षेत्र आणि 1.8 मीटर रुंदी सांगितली आहे, त्यापेक्षा बरंच मोठं आहे. आज घरातली सगळ्यात जास्त वापरातली जागा म्हणजे हा वॉश एरियाच. भांडी तिथे, दुसरी शेगडी तिथे, भरलेलं सिलिंडरही तिथेच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून तिथल्या भिंतीला अगदी फरशीलगत जाळी ठेवून घेतली आहे.

आता उन्हाळ्याचं सांगते, कारण नागपुरात किचनची खरी परीक्षा मे महिन्यातच होते. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. त्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर घर दमट होतं आणि फोडणीचा ठसका लावणारा धूर हॉलमध्ये फिरत राहतो. आमचा कूलर हॉलच्या खिडकीला आणि किचनची खिडकी नेमकी दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडे आहे. ती वीतभर उघडी ठेवली की हवा हॉलमधून किचनमध्ये येते आणि वाफ-धूर घेऊन बाहेर जाते. भर दुपारी ओट्यापाशी उभं राहवतं, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मात्र शेगडी किचनच्या दाराच्या सरळ रेषेत ठेवू नका. कूलरच्या झोताने ज्योत फडफडते, विझूही शकते. आमची शेगडी दाराच्या बाजूच्या भिंतीआड आहे. किचनची खिडकी पूर्वेला असल्यामुळे कडक ऊन फक्त सकाळी येतं. सासूबाईंना आग्नेय कोपरा हवा होता, तोही साधला.

चिमणीचा पाइप 6 इंची, एकच वळण घेऊन थेट बाहेर. ते भोक बीममध्ये पाडता येत नाही, म्हणून वीटकाम चालू असतानाच तिथे पाइपचा तुकडा बसवून घ्यायला भाऊजींना सांगितलं होतं. जितकी वळणं जास्त तितकी ओढ कमी. पाटवडीचा रस्सा, मटण, रोजची पोळी-भाजी, सगळं ती नीट ओढते. वर्षाच्या तिखटासाठी भिवापुरी मिरची भाजायला घेतली तेव्हा मात्र चिमणीने हात टेकले, सगळं घर खोकत होतं. ते काम वॉश एरियातच करायचं, असं सासूबाईंनी तेव्हापासून ठरवून टाकलंय.

ओट्याची उंची 33 इंच. मॉड्युलरवाले सरसकट 34 किंवा 36 म्हणतात. सासूबाई जेमतेम पाच फूट, पोळ्या त्याच लाटतात, आणि लाटताना खांदे वर उचलावे लागले तर पाठ धरते. ज्याचा हात जास्त चालतो त्याच्या कोपरावरून उंची ठरवा. इंडक्शनसाठी 16 अँपिअरचा पॉइंट वेगळ्या एमसीबीवर (जास्त भार आला की आपोआप पडणारं बटण) घ्या. दोन हजार वॅटची शेगडी 9 अँपिअरच्या आसपास ओढते, 6 अँपिअरच्या पॉइंटचं ते काम नाही.

तक्रार एकच, पण मोठी. सिंकखालच्या दारांचं लॅमिनेट जुलैतच कडेने सुटलं. आतले खोके आयएस 710 या मानकाच्या, पाण्यात टिकणाऱ्या प्लायचे आहेत, ते ठणठणीत आहेत. दारं मात्र एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीची निघाली. कोटेशनवर "वॉटरप्रूफ प्लाय" असं सगळ्या कामासाठी लिहिलेलं होतं, आणि आता दारं त्यात येत नाहीत असं उत्तर मिळतंय. तुम्ही खोके, दारं आणि कडेची पट्टी यांसाठी वेगवेगळ्या ओळी लिहून घ्या आणि प्लायवरचा आयएसआय शिक्का कापण्याआधी साइटवरच्या माणसाकडून फोटो काढून मागवा. सिंकखालची दोन दारं आम्ही आता ॲल्युमिनियम फ्रेमची करून घेतोय, बाकीची अजून चांगली आहेत.