प्लायची आखणी: प्रोग्रॅम की कागदी तुकडे?

पुस्तकांचं एक रॅक आणि त्याला लागून दारांचं कपाट. सगळे मिळून ३१ तुकडे, सगळे १८ मिमी प्लायचे. या एकाच कामाची आखणी मी दोन्ही तऱ्हांनी केली. आधी कटलिस्टच्या, म्हणजे कापायच्या तुकड्यांची यादी शीटवर मांडून देणाऱ्या, प्रोग्रॅममध्ये मापं भरली, मग पुठ्ठ्याचे छोटे तुकडे कापून ग्राफपेपरवर मांडले. दोन्हीकडे तीनच शीट लागल्या. त्यामुळे "कशात वेस्टेज कमी?" असं मला विचारलं, तर उत्तर जरा अडखळत येतं.

प्रोग्रॅम शेवटी टक्केवारी दाखवतो. ती बघून बरं वाटतं, पण तुकडे तेच आणि शीटही तेवढ्याच असतील, तर टक्केवारी फारशी वेगळी येणारच कशी? वाया जाणारं क्षेत्र दोन्हीकडे जवळपास सारखंच. फरक पडतो तो उरलेल्याच्या आकारात. माझ्या आकड्यांवर प्रोग्रॅमने उरलेला माल तिन्ही शीटवर बोटभर-चारबोट पट्ट्यांमध्ये वाटून टाकला. कागदावर मी जमेल तेवढं पहिल्या दोन शीटवर दाबून बसवलं आणि तिसरीचा एक अखंड, दाराएवढा तुकडा शिल्लक राहिला. पट्ट्या वर्षभर कोपऱ्यात उभ्या राहतात आणि शेवटी पाचर म्हणून संपतात. मोठ्या तुकड्याचं पुढचं काम आधीच ठरलेलं असतं. काही प्रोग्रॅममध्ये "मोठा तुकडा राखा" अशी सोय असते, ती वापरून चित्र सुधारतंही. तेव्हा यात सगळा दोष प्रोग्रॅमचा नाही.

कागदाची बाजू घेण्याआधी त्याचा खोटेपणा सांगायला हवा. १:१० प्रमाणात २४४० × १२२० ची शीट २४४ × १२२ मिमी होते आणि एका ए-फोर कागदावर आरामात बसते. फार सोयीचं. पण त्याच प्रमाणात करवतीच्या पात्याची ३ मिमी जाडी ०.३ मिमी होते, म्हणजे पेन्सिलच्या रेषेएवढी. कागदावर ३०५ च्या चार पट्ट्या १२२० मध्ये चपखल बसतात. करवतीवर मधल्या तीन कापांत ९ मिमी भुसा झालेला असतो आणि चौथी पट्टी २९६ भरते. हे मी एकदा करून बसलो आहे. तेव्हापासून प्रत्येक पट्टीच्या समासात बेरीज लिहितो, पात्यासकट, आणि शीटच्या कारखान्यातून आलेल्या कडा साफ करायला दोन्हीकडून ५ मिमी सोडून. प्रोग्रॅमला पात्याची जाडी एकदा सांगितली की तो विसरत नाही. लिपिंगची, म्हणजे प्लायच्या कडेला चिकटवायच्या पट्टीची, जाडी वजा करायचं कामही काही प्रोग्रॅम करतात. लाकडाच्या रेषा उभ्याच हव्यात असे तुकडे फिरवू नकोस, हे दोघांनाही सांगावं लागतं; पुठ्ठ्यावर बाण काढला की झालं.

आता जिथे माझं मन फिरलं ते सांगतो. कपाटाच्या दोन बाजू, दोन्ही ५६० रुंद आणि २१०० उंच. प्रोग्रॅमने एक बाजू पहिल्या शीटवर ठेवली, दुसरी दुसरीवर, कारण त्याला तसं सोयीचं पडलं. क्षेत्रफळाच्या हिशेबात यात काहीच चूक नाही. मी निमूटपणे त्याच्या चित्राप्रमाणे कापत गेलो. करवतीचा फेन्स, म्हणजे माप धरून ठेवणारी सरकती पट्टी, ५६० ला लावला, एक बाजू कापली, मग दुसऱ्या मापासाठी हलवला, मग तिसऱ्या, मग जेवण, मग परत ५६०. त्या "परत"मध्ये एक मिलिमीटर निसटला. दोन्ही बाजू समोरासमोर धरल्यावर नखाला लागला, आणि दार बसवल्यावर डोळ्यालाही दिसला: मिटलेल्या दाराच्या एका कडेला बारीक फट. तेवढ्यासाठी बाजू टाकून देणं जिवावर आलं. रंधा मारून जमवलं, पण कपाट उघडताना नजर अजून तिथेच जाते.

मग चित्र पुन्हा नीट बघितलं आणि फेन्स किती वेळा हलवावा लागतो ते मोजलं. माझ्या कागदी मांडणीच्या जवळजवळ दुप्पट. मी वापरतो त्या प्रोग्रॅमला हा खर्च दिसत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक काप सारखा. माझ्या लेखी फेन्स लावून त्याच मापाचे सगळे काप एका दमात संपवले, तर ते तुकडे एकमेकांशी जुळतात. माप अर्ध्या मिलिमीटरने चुकलं तरी सगळ्यांचं सारखंच चुकतं, आणि कपाट काटकोनातच उभं राहतं. पुठ्ठ्याचे तुकडे हाताने सरकवताना ५६० वाले आपोआप एकाच पट्टीत येतात. त्या दोन बाजू एका शीटवर शेजारी ठेवल्या तर १२२० मधून ९४ उरतात, कडा साफ केल्यावर ८५ च्या आसपास. तेवढ्यात कपाटाखालची ८० ची पट्टी निघते. शिवाय पहिला काप शीटच्या पूर्ण लांबीचा पडतो, म्हणजे तीसेक किलोची शीट हलवायची वेळ एकदाच येते. नंतर हातात राहतात त्या सुटसुटीत पट्ट्या.

एक उपाय मी करून पाहिला आहे: सारख्या रुंदीच्या तुकड्यांची बेरीज करून प्रोग्रॅमला थेट पट्ट्याच द्यायच्या. छान जमतं. पण मग अर्धी आखणी आपणच केलेली असते.

तरीही तुकडे पन्नासच्या वर असतील, जाड्या तीन-चार असतील, किंवा ऐनवेळी कुणी खोलीची उंची बदलत असेल, तर पुठ्ठे मांडत बसणं वेडेपणाचं. किती शीट आणायच्या या प्रश्नाला प्रोग्रॅम दोन मिनिटांत उत्तर देतो आणि ते उत्तर मी डोळे झाकून मानतो. हा प्रश्न जुनाही आहे. रशियन गणिती कांतोरोविच यांनी १९३९ मध्येच माल काटकसरीने कापण्याचं गणित मांडलं होतं, आणि त्यांचा या वाटेवरचा प्रवास एका प्लायवूड ट्रस्टने (सरकारी कारखान्यांच्या संघाने) विचारलेल्या प्रश्नापासून सुरू झाला होता.

अखंड लाकडाचं मात्र वेगळं. समजा २४०० च्या फळ्या आहेत आणि १००० चे दोन, ६९० चे चार तुकडे हवेत. "मोठे आधी" या सवयीने गेलात तर १००० चे दोन्ही एकाच फळीत जातात आणि एकूण तीन फळ्या लागतात. प्रोग्रॅम लगेच सांगतो: प्रत्येक फळीत एक १००० आणि दोन ६९०, दोन फळ्यांत काम फत्ते. पात्यासकट २३८९. शिल्लक ११ मिमी. आता फळीच्या टोकाला बघा, तिथे चीर आहे आणि ती बोटभर आत गेली आहे. शिवाय मधल्या ६९० च्या बरोबर मध्यावर गाठ. प्रोग्रॅमसाठी फळी म्हणजे २४०० हा आकडा.

म्हणून लाकडासाठी मी प्रोग्रॅम आणि कागद दोन्ही दूर ठेवतो. फळ्या भिंतीला टेकवून उभ्या करतो, चिरा आणि गाठी खडूने खोडतो, आणि उरलेल्या जागेत तुकडे फळीवरच आखतो. वर दिलेल्या यादीसाठी मी तीन फळ्या आणल्या होत्या. तिसरी लागलीच.