अमेरिकेतला फोन: लॉक्ड की अनलॉक्ड?

अमेरिकेत एटीअँडटी, व्हेरायझन किंवा टी-मोबाइल या मोबाइल कंपन्यांकडून हप्त्यांवर घेतलेल्या लॉक्ड, म्हणजे फक्त त्याच कंपनीचे सिम चालणाऱ्या फोनला सुरुवातीला खर्च कमी येतो आणि सवलतही मोठी दिसते. पण ती सहसा २४ ते ३६ महिन्यांच्या बिलांतून थोडीथोडी मिळते आणि मध्येच सेवा सोडल्यास उरलेली बुडते. हप्ते फिटेपर्यंत फोन बहुधा अनलॉकही होत नाही, त्यामुळे पुण्याला सुट्टीवर आल्यावर त्यात इथले सिम चालत नाही.

उत्पादकाकडून पूर्ण किमतीला घेतलेल्या अनलॉक्ड फोनला हे बंधन नसते. तरीही अनलॉक्ड म्हणजे कुठेही चालणारा, असे समजणे चुकीचे आहे, आणि माझ्या मते खरेदीतली सर्वात महागडी चूक इथेच होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एटीअँडटीने थ्रीजी बंद केले, तेव्हा तिच्या मान्य यादीत नसलेले कित्येक अनलॉक्ड फोर-जी फोनही तिच्या नेटवर्कवर कॉलसाठी निरुपयोगी ठरले, कारण तिथे त्यांचे कॉल थ्रीजीवरूनच जात. जिओकडे तर टूजी-थ्रीजी कधीच नव्हते. तिथे व्होल्टीई, म्हणजे फोर-जीवरून कॉल करण्याची सोय, चालत नसेल तर नेहमीचा कॉलच लागत नाही. शिवाय आयफोन १४ पासून अमेरिकी आयफोनमध्ये सिमचा कप्पा नसतो, म्हणून भारतातही ई-सिमच, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच सुरू होणारे सिम, घ्यावे लागते.

दरवर्षी मायदेशी येणाऱ्यांनी अनलॉक्ड फोनच घ्यावा, मात्र त्या मॉडेलचे बँड (नेटवर्क वापरते ते लहरींचे पट्टे) आणि व्होल्टीई आधी तपासावे. एकाच कंपनीकडे तीन वर्षे राहणाऱ्याला लॉक्ड फोन स्वस्त पडू शकतो.