‘प्रिडेटर’च्या तीन डिस्क आणि पुसलेला दाणा

1987 च्या ‘प्रिडेटर’ची 2010 ची ‘अल्टिमेट हंटर एडिशन’ ब्लू-रे कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. जंगलात घामाने निथळणारा श्वार्झनेगर तिच्यात मेणाचा पुतळा दिसतो. घ्यायचीच तर 2018 ची 4के डिस्क घ्या.

फिल्मवरच्या चित्रात जो बारीक, रवाळ पोत दिसतो तो दाणा (ग्रेन). तो म्हणजे घाण नव्हे. रंगीत फिल्म धुताना चांदी निघून जाते आणि तिच्या स्फटिकांच्या जागी रंगाचे बारीक पुंजके उरतात. चित्र त्यांचंच बनलेलं असतं. इथे चित्रीकरण मेक्सिकोच्या गर्द झाडीत, उजेड तोकडा. त्यात अदृश्य शिकाऱ्याचे शॉट ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे एका फिल्मवरचं चित्र दुसऱ्या फिल्मवर उतरवणाऱ्या यंत्रावर, जोडलेले. फिल्मची एक पिढी वाढली की दाणाही वाढतो, त्यामुळे हे शॉट शेजारच्या शॉटपेक्षा जाडेभरडे दिसणारच.

2010 मध्ये त्यावर डीएनआर, म्हणजे डिजिटल नॉइज रिडक्शन, फिरवलं. ही प्रक्रिया लागोपाठच्या फ्रेमची सरासरी काढते. दाणा दर फ्रेमला नव्या जागी असतो, म्हणून तो विरतो. पण दाढीचे खुंट, त्वचेची छिद्रं, पानांच्या शिरा हे सगळंही तितकंच फिकं, तितकंच बारीक. तेही सोबत जातं. पात्र हललं की मागे पुसट सावली रेंगाळते. टॉवेलचे लूप कापून ‘बघा, किती गुळगुळीत’ म्हणण्यातली गंमत सोलापूरकराला वेगळी सांगायला नको.

आधीची 2008 ची ब्लू-रे उलट्या बाजूने फसली होती. दाणा शाबूत, पण एका थराची 25 जीबी डिस्क आणि जुनं एमपेग-2 कॉम्प्रेशन. दाणा कधीच सारखा नसल्यामुळे डेटा सर्वांत जास्त तोच खातो. जागा अपुरी पडली की त्याचे चौकोन होतात. तरीही दोन्ही ब्लू-रेंत तीच बरी. 4के डिस्कवर एचईव्हीसी हे नवं कॉम्प्रेशन आणि भरपूर बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) आहे, दाणा दाण्यासारखा थरथरतो. ऑप्टिकल शॉट अजून भरड आहेत, आणि तसेच असायला हवेत.

धूळ आणि ओरखडे काढायला मात्र कुणाची हरकत नसावी. फिल्मच्या पाठीवरचे ओरखडे वेट-गेट स्कॅनमध्ये द्रवाने भरून निघतात. रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, धूळ नसते. म्हणून यंत्राला धूळ नेमकी कुठे आहे ते कळतं आणि तेवढीच पुसता येते. कृष्णधवल फिल्मवर ही युक्ती चालत नाही, कारण तिच्यातली चांदीच इन्फ्रारेड अडवते. आपल्या डॉ. कोटणीसांवरचा शांतारामांचा 1946 चा चित्रपट या दुसऱ्या जातीचा. असं काम फ्रेम-फ्रेम पाहून, हातानेच उरकावं लागतं. घाई झाली की धुळीबरोबर पावसाचे थेंबही गायब होतात.

डिस्क चांगली असूनही चेहरे मेणचट दिसले तर आधी टीव्ही तपासा. नवी पेठेतून आणलेला सेट भडक व्हिव्हिड मोडवरच राहिलेला असू शकतो. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा. नसेल तर सिनेमा मोड निवडून नॉइज रिडक्शन, एमपेग नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग तिन्ही बंद करा. शार्पनेसचा तटस्थ आकडा सोनीत 50 असतो, बऱ्याच कंपन्यांत शून्याजवळ. प्लेअरच्या मेनूतही वेगळं नॉइज रिडक्शन असतं, ते हमखास विसरलं जातं.

55 इंची टीव्हीपासून दहा फुटांवर बसलात तर ब्लू-रे आणि 4के यांतला फरक जेमतेम कळेल, पाच-सहा फुटांवर नीट कळेल. मेण मात्र दहा फुटांवरूनही दिसतं. पारख करताना पॉज करू नका, थांबलेल्या फ्रेममध्ये दाणा नुसता डाग वाटतो. चालता क्लोज-अप बघा. डिस्क परदेशातून मागवायची तर 4केला रीजन कोड नसतो, ब्लू-रेला असतो. भारत सी गटात येतो.