चिमणी ओढायली नाही: परभणीतल्या एका मिस्त्रीच्या कामाबद्दल

खरं तर मी चिमणीला नावं ठेवायलाच बसणार होते. पण मिस्त्री येऊन गेला आणि कोणाला नावं ठेवायची तेच बदललं.

तीन वर्षांपूर्वी घराचं काम काढलं तेव्हा ओट्यावर 60 सेंटिमीटरची चिमणी बसवून घेतली. खोक्यावर तासाला 1200 घनमीटर असं ठळक छापलेलं. पहिल्या वर्षीसुद्धा ती फार ओढत होती असं नाही, पण नव्या वस्तूला कशाला बोला म्हणून गप्प राहिले. यंदा मात्र हद्द झाली. पिठल्याला लसणाची फोडणी पडली की बाहेरच्या खोलीत आमचे हे खोकायला लागायचे. चिमणी तिसऱ्या स्पीडवर, आवाज पिठाच्या गिरणीचा, आणि धूर निवांतपणे तिच्या पोटाखालून निघून पंख्याकडे.

जाळ्या मी स्वतः धुते. स्टीलच्या आहेत, गरम पाण्यात भांड्याचा साबण टाकून अर्धा तास भिजवल्या की चिकटा सुटतो. आमच्या बोअरच्या पाण्याला फेस येत नाही, म्हणून त्या दिवशी नळाचं पाणी राखून ठेवावं लागतं, एवढाच काय तो ताप. (जाऊबाईंनी ॲल्युमिनियमची जाळी कॉस्टिक सोड्यात टाकली होती. काळी पडली आणि कडा खाल्ल्या गेल्या. तसं करू नका.) तर जाळ्या लख्ख होत्या, तरी धूर घरातच.

कंपनीचा माणूस पाचव्या दिवशी आला. तेलाची वाटी रिकामी केली, बटणं दाबून पाहिली, वर टॉर्च मारला आणि म्हणाला, मोटार बदलावी लागेल, 4,800 रुपये. वॉरंटीचा कागद पुढे केला तर म्हणे, तेल शिरलंय, बसत नाही. भेटीचे 500 घेऊन गेला. पूर्ण वीस मिनिटंही थांबला नाही.

मग जाऊबाईंचा मिस्त्री. जिंतूर रोडला त्याचा अरुंद गाळा आहे, मिक्सर, गिझर, कूलर, चिमणी सगळं करतो. मे महिन्यात परभणीत कूलरच्या मिस्त्रीला बोलावणं म्हणजे लग्नसराईत आचाऱ्याला बोलावणं. "आज येतो" असं तीन दिवस झालं, मग एकदाचा रात्री साडेआठला आला.

आल्या आल्या म्हणाला, "मॅडम, पेपर हाय का जुना?" मला वाटलं खाली अंथरायला. त्यानं अर्धं पान फाडलं, चिमणी चालू केली आणि जाळीला लावलं. पान क्षणभर टेकलं आणि घसरून शेगडीवर पडलं. मग स्टुलावर चढून त्यानं वरचा पाईप चिमणीच्या मानेपासून सोडवला. मानेत प्लास्टिकची दोन अर्धगोल पाती असतात. हवा बाहेर जाताना ती उघडतात, बंद असताना बाहेरची हवा आत येऊ देत नाहीत. त्यातलं एक पातं तेलानं असं चिकटलेलं की बोटानं ढकललं तर ओल्या गुळासारखी तार सुटली. त्यानं ती पातीच काढून घेतली, परत चिमणी चालू केली आणि परत पेपर लावला.

चप्प! पान ओढून काढावं लागलं. वरून मात्र तीन वर्षांची तेलकट हवा थेट छतावर गेली, पांढऱ्या पीओपीवर पिवळा डाग अजून आहे.

"बघा. मशीनला कायबी झालं नाही. ती ओढायली की! पण सोडायला जागाच नाही तिला."

त्या एका वाक्यावर मी पैसे द्यायला तयार होते.

चिमणीच्या मानेला 6 इंची पाईप लागतो. इंटिरिअरवाल्यानं वरच्या कपाटाआड, मला न सांगता, त्याला जोड देऊन 4 इंचीवर आणला होता, कारण भिंतीला मोठं भोक पाडायचा कंटाळा. आता मी गणिताची शिक्षिका, एकतीस वर्षं वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवलं. 6 इंचीची त्रिज्या 3, वर्ग 9. 4 इंचीची त्रिज्या 2, वर्ग 4. म्हणजे जिथं 9 भाग हवा जायची तिथं 4 भागांची वाट, निम्म्याहूनही कमी. आणि हे मी रोज दोन वेळा त्याच्याखाली उभं राहून भाकरी थापत असताना. खोक्यावरचे 1200 हे पाईप, वळणं, जोड मध्ये यायच्या आधीचे असतात, हे तेव्हा डोक्यात यायला हवं होतं.

त्यात पाईप तो घड्यांचा, ॲल्युमिनियमचा. दोन वळणं घेऊन कपाटावर सापासारखा पसरलेला, मध्ये झोळ पडलेला, आणि झोळात वाटीभर काळं तेल साचलेलं. बाहेरच्या तोंडाची झाकणी कधीच पडून गेली होती, तिथं साळुंकीचं जुनं घरटं. कडब्याच्या काड्या, कापसाचे बोळे, गुटख्याची एक पुडी. पिल्लं नव्हती, नाहीतर मी हात लावू दिला नसता. चिमणीत साळुंकी निघाली हे अमेरिकेत नातवाला फोनवर सांगितलं, तर यातला पक्षी कोणता आणि यंत्र कोणतं हेच त्याला आधी कळेना.

दुसऱ्या दिवशी मशीन आणून त्यानं भिंतीला गोल मोठं भोक पाडलं. ताठ 6 इंची पीव्हीसी पाईप, एकच वळण, बाहेरच्या बाजूला किंचित उतार, जोडांना ॲल्युमिनियमची पट्टी, मानेतली पाती धुऊन परत. बाहेर मी जाळी लावा म्हटलं तर म्हणाला, जाळी तेलानं बुजती, हलकी झाकणीच बरी. तेही पटलं. पाईप, भोक, मजुरी मिळून 2,600 रुपये. मोटार तीच, जुनी.

फरक? तिसऱ्या स्पीडचं कामच पडत नाही, दुसऱ्यावर फोडणीचा धूर सरळ वर जातो. आवाजही उतरला. दोन गोष्टी त्यानं जाताना सांगितल्या. एक, कूलरचा झोत ओट्यावर येऊ देऊ नका, धूर चिमणीपर्यंत पोचायच्या आधीच तो पळवतो. दुसरी, दारं-खिडक्या सगळी लावून चिमणी चालवू नका, घरात हवा आलीच नाही तर ती बाहेर काय टाकणार? मी आता बाहेरच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडी ठेवते. येसरासाठी मिरच्या भाजायच्या तर मी अजूनही गच्चीवरच जाते, तेवढा भरवसा कुठल्याच चिमणीवर नाही.

गंमत म्हणजे हीच पेपरची परीक्षा अमेरिकेत सूनबाईच्या घरी उपयोगी पडली. तिच्याकडे शेगडीच्या डोक्यावरच मायक्रोवेव्ह असतो आणि त्याच्याच पोटात धूर ओढायचा पंखा. तो ओढत नाही अशी तिची कुरकुर होती. पेपर लावायला सांगितला. पेपर बरा चिकटला, पण हवा वरच्या फटीतून परत तोंडावर! ते यंत्र बहुधा हवा कोळशाच्या जाळीतून गाळून घरातच सोडायच्या बेतात कारखान्यातून येतं. भिंतीतून बाहेर सोडायची असेल तर बसवतानाच आतला पंखा काढून फिरवायचा असतो. बसवणाऱ्यानं भिंतीत पाईप दिला आणि पंखा तसाच ठेवला. तिनं माणूस बोलावून तो फिरवून घेतला. आळशी कारागीर तिकडेही आहेत म्हणायचे.

आमच्या मिस्त्रीला मी पाचापैकी चार देते. एक कापला, कारण पक्कं बिल दिलं नाही, माझ्या स्टुलावर तेलकट पावलं उमटवून गेला आणि भोकाच्या कडेचं सिमेंट अजून भरलेलं नाही. दोनदा फोन केला. "उद्या येतो मॅडम" म्हणाला.