वेदना पाहून थांबावे, की घड्याळ पाहून?

जुनाट वेदना आणि थकवा असणाऱ्याला ‘झेपेल तेवढा व्यायाम करा’ असे सांगितले जाते. पण किती झेपले हे ज्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते, त्याच्या हाती या सल्ल्यातून काहीच लागत नाही. व्यायामाची मात्रा ठरवण्याचे तीन मार्ग आहेत आणि त्यांतला कोणता आपला, हे आजाराच्या स्वभावावर अवलंबून असते.

पहिला मार्ग लक्षणांच्या मागे जाण्याचा: बरे वाटले की जास्त, दुखले की बंद. तो सहज सुचतो, आणि तोच सर्वांत फसवा आहे, कारण चांगल्या दिवशी तुंबलेली सगळी कामे उरकली जातात आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरावे लागते. हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

दुसऱ्या मार्गात मर्यादा घड्याळ ठरवते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७० च्या दशकात वेदनेच्या उपचारांत हा विचार रुजवला. समजा, त्रास वाढण्याआधी एका दिवशी १२, दुसऱ्या दिवशी ४ आणि तिसऱ्या दिवशी ८ मिनिटे चालता आले, तर सरासरी ८ मिनिटे येते. त्यातून साधारण २० टक्के वजा करून ६ मिनिटांपासून सुरुवात करावी. बऱ्या दिवशीही सहाच आणि वाईट दिवशी जमल्यास तीन-तीन मिनिटांचे दोन तुकडे. ही मात्रा दोन आठवडे टिकली, तरच अर्धे मिनिट वाढवावे. गजर वाजतो तेव्हा पाय अजून ताजे असतात, आणि नेमके तेव्हाच थांबणे फार जड जाते.

तिसऱ्या मार्गात, म्हणजे ऊर्जेच्या मर्यादेत राहण्याच्या पेसिंगमध्ये, वाढीचे उद्दिष्टच नसते. अंघोळ, जिना, लांबलेले फोनवरचे बोलणे, हे सारे त्याच दिवसाच्या खर्चात धरावे लागते. काही जण त्यासाठी मनगटावरच्या घड्याळात नाडीचे ठोके पाहतात. मात्र नाडी मंद ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर त्या आकड्यांवर विसंबू नये.

उपचारांच्या मार्गदर्शिका ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ या एकाच वर्षात दोन मार्गदर्शिका काढल्या. जुनाट प्राथमिक वेदनेसाठी, म्हणजे दुसऱ्या कुठल्या आजाराने पुरता उलगडा न होणाऱ्या दुखण्यासाठी, तिने व्यायामाची शिफारस केली, तर एमई किंवा सीएफएस (क्रॉनिक फटीग सिंड्रोम) या दीर्घ थकव्याच्या आजारात ठरलेल्या टप्प्यांनी मात्रा वाढवत नेणारा व्यायाम देऊ नये असे बजावले. यात विसंगती नाही. या दुसऱ्या आजारात श्रमानंतर अनेकदा १२ ते ४८ तासांनी थकवा आणि बुद्धीचा जडपणा उसळतो व तो कित्येक दिवस, कधी आठवडे, टिकतो.

म्हणून निवडीपूर्वी दोन आठवडे वही ठेवावी आणि प्रत्येक हालचालीपुढे तिसऱ्या दिवसापर्यंतची स्थिती लिहावी. दुखणे वाढले पण दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर आले, तर दुसरा मार्ग निवडावा. उशिरा येणारी आणि रेंगाळणारी घसरण दिसली, तर तिसरा निवडावा आणि डॉक्टरांना ती वही दाखवावी. छातीत दुखणे, भोवळ किंवा नव्याने लागलेली धाप असल्यास मात्र वही भरत बसू नये, लगेच तपासून घ्यावे. वेदना आणि ही घसरण दोन्ही एकाच शरीरात असतील, तर मर्यादा तिसऱ्या मार्गाचीच पाळावी आणि सांध्यांच्या हलक्या हालचाली पडल्या पडल्या, तेवढ्याच शिलकीतून, कराव्यात.