पॉइन्सेटिया पुन्हा लाल झाला, तो या नर्सरीमुळे

जळगावात मेहरूण तलावाकडे जाताना लागणारी ही छोटी नर्सरी. गेल्या नाताळात इथून १८० रुपयांना पॉइन्सेटिया (वरची पानं लाल होणारं शोभेचं झाड) घेतला. फेब्रुवारीत लाल पानं गळाली, नंतर नुसता हिरवा. टाकून द्यायच्या विचारात होते, पण एकदा विचारावं म्हणून कुंडी घेऊन गेले. तिथले दादा म्हणाले, "ताई, याले अंधार जोयजे." (याला अंधार पाहिजे.)

एप्रिलमध्ये त्यांनी अर्ध्यावर छाटून दिला, पैसे घेतले नाहीत. आपला ४५ अंशांचा उन्हाळा त्याने जिन्याखालच्या सावलीत काढला. १ ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी ५ ते सकाळी ८ पर्यंत कुंडीवर खोकं झाकायचं, दिवसा भरपूर उजेड. मधे जरासुद्धा दिवा नको. माझ्या गॅलरीत रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येतो, मग कुंडी कोठीच्या खोलीत नेली. दिवाळीतही नेम मोडला नाही! नोव्हेंबरअखेर वरची पानं लाल झाली. (खरी फुलं म्हणजे मधले ते पिवळे दाणे.)

एक तक्रार आहे: कुंडीत निव्वळ काळी माती भरतात, पाणी साचतं. मी वाळू आणि शेणखत मिसळून बदलली. बाकी, विकलेल्या रोपाची वर्षभर चौकशी करणारा माणूस मला दुसरीकडे भेटलेला नाही.