ट्रान्सपोजचे बटण बंद ठेवून: ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डाचा वापरानंतरचा अनुभव

शिमग्याच्या सुमारास घेतलेल्या या कीबोर्डाने देवगडचा पावसाळा काढला असल्यामुळे आता त्याच्याविषयी खात्रीने लिहिता येईल. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतातील ‘की’ (रचनेचा आधार असलेला सा आणि त्यावरचे सप्तक) हा प्रकार समजून घ्यावा, एवढ्यासाठीच ही खरेदी केली.

सप्तकातल्या पट्ट्या सी या स्वरापासून पांढरी एक, पांढरी दोन आणि काळी एक, काळी दोन अशा क्रमाने ओळखतात. बुवांची पट्टी, म्हणजे गाण्याचा सा, काळी चार असली, तरी ट्रान्सपोजचे (सगळे सूर वर-खाली सरकवण्याचे) बटण दाबून पांढरी एकचीच बोटे चालवता येतात. भजनाला ही सोय उत्तम आहे, पण अभ्यासाला तिचा अडथळाच होतो, असे माझे ठाम मत झाले आहे. बटण बंद ठेवून पांढरी एकला सा धरून बिलावल (सगळ्या शुद्ध स्वरांचा थाट) वाजवावा: सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. आता याच सप्तकातला पंचम, म्हणजे पांढरी पाच, सा मानावा. बाकी सारे तसेच राहून फक्त पांढरी चार सुटते आणि तिच्या जागी काळी तीन येते, ती नव्या सप्तकाचा निषाद होऊन. पुढचा पंचम पांढरी दोन. तिथे काळी एकची भर पडते. असे पंचमापंचमाने गेल्यास बाराव्या पायरीला पुन्हा पांढरी एक हाती लागते. उलट मध्यमाला सा मानले, तर पांढरी चारच्या सप्तकात काळी पाच हा मध्यम होतो.

हे बोटांत बसल्यावर मोझार्टचा १७८८ मधला सी मेजर (पांढरी एक सा असलेला) पियानो सोनाटा ऐकताना पहिल्याच भागात काळी तीन कुठे डोकावते आणि रचना पांढरी पाचकडे कशी वळते, ते कानाला स्पष्ट कळू लागले. आपल्याकडे सा शेवटपर्यंत हलत नाही. तिथे सा हलण्यातच रचनेचा निम्मा जीव असतो. पांढऱ्याच पट्ट्या पांढरी सहापासून वाजवल्या की आसावरी थाट (ग, ध, नी कोमल) मिळतो, तोच तिकडचा नॅचरल मायनर. मात्र त्यातला निषाद रचनांमध्ये पुष्कळदा शुद्ध करून घेतात.

गाणाऱ्यांनी एक जपावे. सप्तकाचे बारा समान भाग केल्यामुळेच कोणत्याही पट्टीतून वाजवता येते, पण त्याची किंमत गांधाराला मोजावी लागते: तंबोऱ्याशी जुळणाऱ्या शुद्ध गांधारापेक्षा इथला सुमारे १४ सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा आहे. गळा तंबोऱ्यावरच तयार करावा.

दमट, खाऱ्या हवेत मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या आषाढात अडखळू लागल्या आणि दुरुस्तीसाठी कोल्हापूर गाठावे लागले. तेव्हापासून वाजवून झाले की जाड कापड घालतो. वीज गेल्यावर सेलवर चालतो, ही आमच्याकडे मोठीच सोय. आतले तयार धडे सुमार आहेत. पट्ट्या हलक्या असल्यामुळे पियानोचा स्पर्श शिकायचा असेल, त्यांनी मात्र वजनदार पट्ट्यांचे वाद्यच पाहावे.